शाळकरी मुलांची दृष्टि आणि चष्मा

शेवटल्या बाकावरचा मुलगा फळ्यावरील गणित शेजाऱ्याच्या वहींतून उतरून घेऊं लागला म्हणजे तो मठ्ठ ठरतो. पुष्कळदां दोष बुद्धीचा नसून दृष्टीचा असतो. डोळ्याचा गोलक वाजवीपेक्षां लांबट वाढला कीं दूरच्या वस्तूची प्रतिमा आंतील पडद्यावर न पडतां अलीकडेच पडते व फळा अंधुक दिसतो. हीच ऱ्हस्वदृष्टि. अंतर्गोल भिंग ती प्रतिमा पडद्यावर नेतें. चष्म्याचें काम एवढेंच. त्यानें डोळा अधू होतो ही समजूत निराधार आहे.

रामटेक तालुक्यांत पेठेंतील मुलें आहेत, तशीं देवलापारच्या रानाकडील गोंड मुलेंही आहेत. त्यांच्या दृष्टींत भेद दिसला तर तो रक्तावर ढकलणें सोपें. आनुवंशिकता आहेच, पण २००८ सालीं प्रसिद्ध झालेली एक पाहणी विचार करावयास लावते. तींत चिनी वंशाचींच सहा-सात वर्षांचीं मुलें दोन शहरांत तपासलीं. सिंगापुरांत शेंकडा २९ मुलांत हा दोष निघाला, ऑस्ट्रेलियांतील सिडनींत अवघा शेंकडा ३. वंश एक, इतकेंच नव्हे, सिडनीचीं मुलें पुस्तकेंही अधिक वाचीत. मात्र तीं आठवड्यास सुमारें १४ तास उघड्यावर असत, सिंगापूरचीं ३ तास. भरपूर उजेडानें गोलकाची लांबण मंदावते. नागपूरकडील वैशाखांत मुलांना दुपारीं उन्हांत पिटाळावें, असा याचा अर्थ नव्हे. लिंबाच्या सावलींतही उजेड वर्गाच्या कित्येक पट असतो.

रानांतील मुलांचे डोळे जात्याच तीक्ष्ण, हें कौतुक मात्र घातक आहे. २००२ सालच्या पाहण्यांत दिल्लीच्या शहरी मुलांत ऱ्हस्वदृष्टि शेंकडा ७ निघाली. महबूबनगरच्या खेड्यांतही ती शेंकडा ४ होतीच. कौतुकापायीं त्या चौघांना तपासावयाचेंच राहून जातें. राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमाखालीं २०१३ पासून शाळांतून मुलांची तपासणी होते. पण मिळालेला चष्माही पुष्कळदां डबींत पडून राहतो. मुलीच्या बाबतींत तर लग्नाच्या वेळीं अडचण येईल म्हणून आईच तो काढावयास लावते, आणि मुलगी फळ्यावरचें न वाचतां नापास होते.

फिरतें पथक येईपर्यंत थांबण्याचेंही कारण नाहीं. शिक्षकानें एकेक डोळा तळहातानें झांकवून, न दाबतां, शेवटल्या बाकावरून फळा वाचून घ्यावा. डोळे बारीक करून वाचणारें मूल त्याच आठवड्यांत दवाखान्यांत पाठवावें.