कागदी नमुना, कापडी बाहुली

भोर व वेल्हे हा सह्याद्रीच्या कुशीतला भाताचा मुलूख. भातकापणी आटोपली की शेतात फारसे काम उरत नाही. अनेक पुरुष पुणे-मुंबईची वाट धरतात, स्त्रिया मागे राहतात. ज्ञान प्रबोधिनीने १९९०च्या दशकापासून या भागात स्त्रियांचे बचत गट बांधले. अशा गटांना घरबसल्या करता येण्याजोगा उद्योग म्हणजे बालकांचे कपडे व कापडी खेळणी शिवणे.

त्याचा पाया कागदी नमुना हा होय. झबल्याचे भाग जाड कागदावर एकदा बिनचूक आखले, की त्यावरून हवी तितकी झबली बेतता येतात आणि निरनिराळ्या हातांचा मालही एकसारखा उतरतो. नमुन्यावर उभ्या धाग्याची दिशा व शिलाईची माया नोंदलेली हवी. माया राहून गेली, तर झबले बाळाच्या डोक्यातून उतरतच नाही! बाहुलीचे दोन भाग सुलट बाजू आत ठेवून शिवतात, राखलेल्या फटीतून उलटवतात, कापूस भरून फट मिटवतात. डोळ्यांना मणी वा बटणे लावू नयेत. ती सुटून तोंडात जातात. डोळे दोऱ्यानेच भरावेत.

विक्रीत मात्र एक अडसर आहे. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आय. एस. आय. चिन्ह सक्तीचे झाले. केंद्राच्या हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिरांनी बनवून विकलेल्या खेळण्यांना त्यातून सूट देण्यात आली. झबल्या-टोपड्यांना ही अट नाही. म्हणून ग्रामपंचायतींनी नोंदणीचे अर्ज शिवणवर्ग सुरू होतानाच भरून घ्यावेत, बाहुल्या तयार झाल्यावर नव्हे.