बस, पण चाकं ज्याची त्याची

२०२१च्या ऑक्टोबरात बार्सिलोनाच्या एशाम्पला भागातला एक व्हिडिओ जगभर फिरला. एरवी मोटारींनी तुंबलेला रस्ता, आणि त्यावर या कडेपासून त्या कडेपर्यंत सायकलवरची पोरंच पोरं, शाळेला निघालेली. सोबत पोलीस. तिथे याला ‘बिसिबुस’, म्हणजे सायकल बस, म्हणतात. कल्पना बार्सिलोनाच्याच कातालोनिया प्रांतातल्या विक या छोट्या शहरात आधी रुजली होती. एशाम्पलात मूठभर मुलांनी शुक्रवारची फेरी सुरू केली, तिला तेव्हा जेमतेम महिना झाला होता.

नावात बस उगाच नाही. मार्ग ठरलेला, थांबे ठरलेले, वेळाही. मूल आईबरोबर आपल्या कोपऱ्यावर उभं राहतं, घोळका आला की त्यात शिरतं आणि शाळेपर्यंत शेपूट लांबत जातं. पुढे एक मोठं माणूस असतं, सगळ्यात धाकट्याला झेपेल इतकाच वेग धरणारं. शेवटी आणखी एक, चेन पडलेल्यांसाठी. चौकात दोघं-तिघं पालक आपल्या सायकली आडव्या घालून वाहनं रोखतात. जर्मनीत तर कायदाच सोबतीला आहे: पंधराहून जास्त सायकलस्वार एकत्र निघाले की ते मिळून एक वाहन. पहिला हिरव्या दिव्यावर निघाला, की मध्येच लाल झाला तरी शेवटचा त्याच्यामागून जाऊ शकतो. आम्ही लहानपणी एकेकाच्या दारात घंटी वाजवत शाळेला जायचो. तेही थांबेच होते, पण आमच्यासाठी मोटारी अडवायची कोणाला गरज पडली नाही.

तो व्हिडिओ अमेरिकेत पोर्टलंडच्या सॅम बाल्टो या पी.टी.च्या शिक्षकाने पाहिला. २०२२च्या वसुंधरा दिनी त्याने आपल्या अलामीडा शाळेची पहिली फेरी काढली. मग दर बुधवारी, स्पीकरवर गाणी लावून. मुलांची संख्या शंभरावर गेली. २०२३ मध्ये ऑरेगन राज्याने कायदाही केला, त्यामुळे शाळेच्या वाहतुकीचा पैसा सायकल बससाठी आणि पायी जाणाऱ्या जथ्यांसाठी वापरायची वाट मोकळी झाली. सगळ्या गाजावाजात मला हीच गोष्ट मोठी वाटते. पालकांचा उत्साह मूल पाचवीत गेलं की ओसरतो. अंदाजपत्रकातली नोंद टिकण्याची शक्यता जास्त. आठवड्यातून एकच दिवस, मग उरलेले चार दिवस काय, हा टोमणा रास्त आहे. पण बार्सिलोनाच्या पालकांना ते ठाऊक होतं. त्यांची शुक्रवारची फेरी अर्धा मोर्चाच होती, मागणी होती सुरक्षित सायकलमार्गांची.

तरी शाळेच्या वाटेवरचा सायकलींचा खरा मोठा तांडा याच्या पंधरा वर्षं आधी बिहारमध्ये निघाला. २००६ साली राज्य सरकारने नववीतल्या मुलींना सायकलीसाठी दोन हजार रुपये द्यायला सुरुवात केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थतज्ज्ञांनी पुढे हिशेब मांडला: माध्यमिक शाळेत नाव घालणाऱ्या मुलींचं प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढलं, मुलामुलींमधली दरी ४० टक्क्यांनी घटली. फरक पडला तो मुख्यतः शाळा तीन किलोमीटर किंवा त्याहून लांब असलेल्या गावांत. त्या वाटांवर भीती मोटारींची नव्हती, माणसांची होती. आणि इथे ना कोणी मार्ग आखला, ना थांबे. एका गावातल्या नववीच्या साऱ्याजणींना एकदमच सायकल मिळाली, त्यामुळे वाटेला लागताना एकटीने निघायची वेळच कमी आली.