पत्ता एकच, रेघा दोन

पत्रावर आपण आधी नाव, मग मुक्काम, पोस्ट, तालुका आणि शेवटी जिल्हा लिहितो. संगणकातील फाइलीचा पत्ता याच्या उलट, जिल्ह्याकडून घराकडे लिहिला जातो. दोन नावांमध्ये तिरपी रेघ असते. लिनक्सवर ती '/' अशी, तर विंडोजवर '\' अशी! म्हणून घरी विंडोजवर तापमानाचा आलेख सुरेख काढणारा प्रोग्रॅम शाळेतील लिनक्सवर 'फाइल सापडत नाही' म्हणून अडून बसतो.

हा फरक आला कोठून? युनिक्स प्रणालीत '/' ही रेघ पत्त्यासाठी पहिल्यापासून रूढ होती. मायक्रोसॉफ्टची डॉस प्रणाली १९८१ साली आली, तेव्हा तिच्यात फोल्डरच नव्हते. '/' ही रेघ आज्ञेला सूचना जोडण्याच्या कामी लागली. 'डीआयआर /डब्ल्यू' म्हणजे यादी आडवी मांडून दाखव. १९८३ च्या दुसऱ्या आवृत्तीत फोल्डर आले, पण रेघ आधीच गुंतलेली! मग उलटी रेघ घ्यावी लागली, आणि तीच विंडोजकडे वारशाने आली.

या उलट्या रेघेची आणखी एक खोड आहे. पायथन भाषेत अवतरणात '\' पुढे रोमन 'एन' हे अक्षर आले, की त्याचा अर्थ 'नवी ओळ' असा होतो. 'नकाशे' नावाचा फोल्डर रोमन लिपीत लिहिलात, की पत्ता मध्येच मोडलाच म्हणून समजा! यावर सोपा उपाय म्हणजे पायथनमधील 'पाथलिब' हा संच. तुम्ही नावे द्या, रेघ तो निवडतो. मात्र लहान-मोठी रोमन अक्षरे तुम्हीच सांभाळा. लिनक्स ती वेगळी मानतो, विंडोज सहसा मानत नाही.

आता आज्ञांचे पाहू. 'पायथन' असे टंकले, की संगणक 'पाथ' नावाच्या यादीतील फोल्डर क्रमाने धुंडाळतो आणि पहिला सापडेल तो प्रोग्रॅम चालवतो. पायथन २ व ३ दोन्ही असतील, तर कोणता चालेल हे यादीचा क्रमच ठरवतो. आवृत्ती ३ मध्ये छपाईच्या आज्ञेला कंस लागतात. २ साठी लिहिलेला कंसाविना प्रोग्रॅम तेथे चालत नाही. या यादीत लिनक्सवर दोन पत्त्यांमध्ये ':' असते. विंडोजवर हे चिन्ह ड्राइव्हच्या अक्षरापुढे आधीच बसलेले, म्हणून तेथे ';' आले.

स्वतः करून पाहा: लिनक्सवर 'विच' आणि विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टवर 'व्हेअर' ही आज्ञा, पुढे 'पायथन३' किंवा 'पायथन' हे नाव, अर्थात रोमन लिपीत टंका. कोणत्या फोल्डरातील प्रोग्रॅम चालतो ते दिसेल. कमांड प्रॉम्प्ट मात्र यादीच्याही आधी, तुम्ही ज्या फोल्डरात आहात तेथेच शोधतो.