दोन हृदयांची काळजी

‘डोहाळे’ हा आपल्या घरांतला किती लाडका शब्द! सुश्रुतसंहितेत गर्भवतीला ‘दौहृदिनी’ म्हणजे दोन हृदयांची स्त्री म्हटले आहे. चौथ्या महिन्यात गर्भाचे हृदय प्रकट होते, तेव्हा तिची इच्छा अव्हेरू नये, असा तिथला उपदेश. चिंचा-आवळे पुरवणे, डोहाळजेवण करणे, पहिल्या बाळंतपणाला माहेरी नेणे, ह्या साऱ्यांत पोटाइतकीच मनाची सोय होती.

२०२० साली करोनाने नेमकी हीच सोय हिरावून घेतली. २४ मार्चला देशभर टाळेबंदी जाहीर झाली आणि महिनाअखेरीस नाशिक जिल्ह्यातला पहिला रुग्ण निफाड तालुक्यातच आढळला. गोदाकाठचे सायखेडा ह्याच तालुक्यातले. अशा गावची लेक मुंबईला दिलेली असली, तर तिला माहेरी आणायचे कसे? एसटी बंद, जिल्ह्याची वेस ओलांडायला परवाना हवा. ओटी भरायला शेजारीणसुद्धा येईना. आणि दवाखान्यात जावे, तर तिथेच रोग चिकटेल ही धास्ती! पुढे १६ जानेवारी २०२१ ला लसीकरण सुरू झाले; पण गर्भवतींना लस घेण्याची मुभा मिळायला २ जुलै उजाडला.

मुंबईच्या नायर रुग्णालयाने करोनाबाधित अशा हजाराहून अधिक मातांची बाळंतपणे केली. देहाची काळजी अशी घेतली गेली. पण मनाचे काय? जागतिक आरोग्य संघटनेच्या मते, एरवीही जगातल्या १०० गर्भवतींपैकी सुमारे १० जणींना आणि नुकत्याच बाळंत झालेल्या १०० जणींपैकी १३ जणींना मानसिक आजार गाठतो, मुख्यतः खिन्नतेचा. विकसनशील देशांत हे आकडे १६ आणि २० च्या घरात जातात. मग एकटेपणाच्या त्या दिवसांत किती जणींनी उशीत तोंड खुपसून रडून घेतले असेल!

झोप उडणे, अन्नावरची वासना जाणे, उगाच रडू येणे, बाळ परके वाटणे, हे दोन आठवडे टिकले तर त्याला नखरे म्हणू नये. ते दुखणे आहे आणि त्याला उपचार आहेत. डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावे. ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलिमानस’ची १४४१६ ही मोफत सरकारी दूरध्वनी सेवाही आहे.

साथ ओसरली, पण तिने दिलेला धडा विसरू नये. घरात सून किंवा लेक दोन जिवांची असेल, तर ‘गोळ्या घेतल्यास का?’ ह्याच्या जोडीला ‘मनाला कसं वाटतंय गं?’ हेही विचारावे, आणि उत्तर पुरते होईपर्यंत तिच्याजवळ बसावे.