क्लास ए अ‍ॅम्प्लिफायर घरी बांधताना: दहा वॅटसाठी एवढी उष्णता कशाला?

या भागाचं हे शब्दांकन. बोलताना जे आकडे पटापट निघून जातात, ते इथं सावकाश मांडलेत, म्हणजे कागद-पेन घेऊन बसता येईल.

मी सटाण्यात राहतो. इथं अ‍ॅम्प्लिफायर म्हटलं की लोकांना आठवतो वरातीचा डीजे. त्यामुळे "दहा वॅटचा अ‍ॅम्प बांधतोय" म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "फक्त दहा?" आणि तो तापतो किती हे कळलं की दुसरा, "मग आपल्या उन्हाळ्यात चालेल का?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत. आज त्यांचंच उत्तर.

क्लास ए म्हणजे नेमकं काय?

आपल्या बागलाणात मोसम-आरमच्या काठी बंधारे, पाट आणि फड पद्धत पिढ्यान्‌पिढ्या आहे, म्हणून पाटाचंच उदाहरण घेऊ. समजा, पाटाला एक दार आहे आणि ते कायम अर्धं उघडं ठेवलंय. जास्त पाणी हवं तर थोडं अजून उघडा, कमी हवं तर थोडं मिटा. पूर्ण बंद मात्र कधीच करायचं नाही. हा झाला क्लास ए. गाणं चालू असो वा नसो, ट्रान्झिस्टरमधून करंट वाहतच असतो.

क्लास बी मध्ये दारं दोन. ध्वनिलहरीचा वरचा अर्धा भाग एक दार सांभाळतं, खालचा दुसरं. आपली पाळी नसली की दार बंद. वीज वाचते, पण ट्रान्झिस्टरचं दार जाम असतं. साधारण ०.६ व्होल्टचा धक्का बसल्याशिवाय ते हलतच नाही. त्यामुळे एका दाराकडून दुसऱ्याकडे पाळी जाताना लहरीचा मधला तुकडा खराब होतो. यालाच क्रॉसओव्हर डिस्टॉर्शन म्हणतात.

आता गंमत बघा. आवाज मोठा असेल तर हा तुकडा त्यात लपतो. पण रात्री हळू आवाजात ऐकताना ८ ओहमच्या स्पीकरला ०.१ वॅट जात असेल, तर लहरीची उंचीच जेमतेम १.२६ व्होल्ट असते. तिथं ०.६ व्होल्ट म्हणजे जवळजवळ निम्मं! तानपुऱ्याच्या जवारीतले बारीक स्वर नेमके याच हळू पातळीवर असतात. क्लास ए ची खरी कमाई इथं आहे.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. बाजारातले बहुतेक अ‍ॅम्प क्लास एबी किंवा डी असतात. एबी मध्ये दोन्ही दारं किंचित उघडी ठेवून हा दोष बराच झाकलेला असतो. चांगला एबी आणि क्लास ए यांतला फरक कानाला ओळखू येईलच असं नाही. मग बांधायचा कशाला? कारण मोजक्या भागांत, आपल्याला समजेल असं आणि आपल्या हातानं चांगला आवाज देणारं सर्किट यात मिळतं.

१९६९ चं सर्किट

जॉन लिन्सली हूड यांनी एप्रिल १९६९ मध्ये 'वायरलेस वर्ल्ड' या ब्रिटिश मासिकात दहा वॅटचा साधा क्लास ए अ‍ॅम्प दिला. एका चॅनेलला फक्त चार ट्रान्झिस्टर. आजही जगभर हौशी लोक तो बांधतात. आउटपुटला आपल्याकडे सहज मिळणारा २एन३०५५ चालतो. ८ ओहमच्या स्पीकरसाठी सप्लाय २७ व्होल्ट आणि कायम वाहणारा करंट १.२ अँपिअर.

गुणाकार करा: २७ × १.२ = ३२.४ वॅट. म्हणजे दहा वॅटच्या आवाजासाठी एक चॅनेल सतत बत्तीस वॅट खातो, आणि शांत असताना ते सगळं उष्णतेत जातं. गाणं सुरू झालं की उलट थोडा गार होतो!

स्टीरिओचे ६५ वॅट, त्यात सप्लायमधली घट धरून ८५ म्हणू. रोज तीन तास ऐकलं तर महिन्याला आठेक युनिट. जुन्या छताच्या पंख्याच्या आसपासच हा खर्च येतो.

उन्हाळ्याचं गणित

वैशाखात खोलीत ४० अंश धरा. हीटसिंक असा घ्या की प्रत्येक वॅटमागे तो ०.५ अंश तापेल, आणि तो प्रत्येक चॅनेलला स्वतंत्र हवा. ३२.४ वॅटला १६ अंश वाढ, म्हणजे हीटसिंक ५६ वर. प्रत्येक ट्रान्झिस्टर १६ वॅट जाळतो. मायका वॉशर आणि पेस्टमधून अजून सुमारे १६ अंश, तर ७२. ट्रान्झिस्टरच्या आत वॅटमागे १.५ अंश, म्हणजे २४. एकूण ९६. २एन३०५५ ची मर्यादा २०० अंश आहे. म्हणजे सटाण्याच्या उन्हाळ्यातही चालतो, पण हीटसिंकमध्ये काटकसर केली नाही तरच. पंख उभे ठेवा, वरून मोकळं ठेवा, शोकेसच्या कप्प्यात अजिबात कोंबू नका. घरात लहान मूल असेल तर बाहेरून जाळी लावा.

सप्लाय: इथं कंजूषी नको

१.२ अँपिअर लागतो म्हणून २ अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर पुरेल असं वाटतं. पुरत नाही. कपॅसिटर छोट्या-छोट्या झटक्यांत भरतो, त्यामुळे वाइंडिंग तापवणारा करंट जवळपास पावणेदोन पट असतो. एका चॅनेलला २४ व्होल्ट, ४ अँपिअर घ्या.

करंट सतत वाहतो म्हणून घूंऽऽ असा आवाजही सतत येऊ शकतो. १०,००० मायक्रोफॅरड लावूनही १.२ व्होल्टपर्यंत रिपल उरतो. पुढे रेग्युलेटर किंवा कपॅसिटन्स मल्टिप्लायर हवाच. आपल्याकडे लाइन वर-खाली होते, म्हणून मी रेग्युलेटर सुचवतो. तो नसेल आणि लाइन २५० ला गेली, तर २७ चे २९ व्होल्ट होतात, करंटही त्याच प्रमाणात वाढतो आणि बत्तीस वॅटचे अडतीस होतात. रेग्युलेटरही तापतो, त्यालाही हीटसिंक द्या.

पहिल्यांदा चालू करताना

• मेनमध्ये फ्यूज, आणि धातूच्या डब्याला अर्थिंग. यात तडजोड नाही.
• मायका घातल्यावर ट्रान्झिस्टरची बॉडी हीटसिंकला चिकटलेली नाही ना, हे मल्टिमीटरनं बघा.
• १०० वॅटचा साधा बल्ब सिरीजमध्ये लावा. एबी मध्ये तो विझायला हवा. इथं मंद पेटलेलाच राहतो. लख्ख पेटला तर लगेच बंद करा, कुठंतरी शॉर्ट आहे.
• स्पीकर नको, आधी ८ ओहमचा जाड रेझिस्टर. बल्ब काढून आउटपुटचा मध्यबिंदू सप्लायच्या निम्म्यावर, १३.५ व्होल्टवर आणा. करंट बघा. अर्धा तास तापू द्या आणि दोन्ही पुन्हा मोजा.
• बंद केल्यावरही कपॅसिटर भरलेले असतात. रेझिस्टरनं रिकामे केल्याशिवाय आत हात घालू नका.

आणि "फक्त दहा वॅट?" या प्रश्नाचं उत्तर: एका वॅटला एक मीटरवर ८८ डेसिबल देणारा स्पीकर दहा वॅटला ९८ देतो. बैठकीच्या खोलीत याहून जास्त लावलात, तर शेजारी विचारायला येतील. वरातीला अर्थातच पुरणार नाही, पण तो त्यासाठी नाहीच.

पुढच्या भागात सप्लायचं वायरिंग आणि ग्राउंड कुठं जोडायचा ते बघू. तोवर हीटसिंक शोधून ठेवा. मोठाच घ्या.