झटका ओसरला, धाक मात्र राहिला



ऊसनोंदीसाठी गटागटांतून फिरताना आम्हांला एक गोष्ट वरचेवर दिसते. हार्ट ॲटॅकमधून उठलेले सभासद दवाखान्यातून घरी येतात, पण पुढे उंबरा ओलांडत नाहीत. "काळजाला इजा झालीय, आता हलायचं नाही," असे घरचेच बजावतात. कुणी बांधावर जाऊ देत नाही, कुणी पाण्याची घागर उचलू देत नाही. छातीत जरा कळ आली की "दुसरा आला" या धास्तीने रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही. बसून बसून अंगातली ताकद जाते, चार पावलांत धाप लागते आणि रोगच वाढला असे वाटून भीती दुप्पट होते.

ही समजूत जुनीच आहे. पूर्वी डॉक्टरसुद्धा असा रोगी कित्येक आठवडे खाटेवर निजवून ठेवीत. बोस्टनच्या डॉ. लेव्हाईन व डॉ. लाऊन यांनी रोग्यांना लवकर खुर्चीत बसविण्याचा उपचार १९५२ साली मांडला, तेव्हा ही पद्धत बदलू लागली. अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना सप्टेंबर १९५५ मध्ये ॲटॅक आला. पुढच्याच वर्षी त्यांनी निवडणूक जिंकली व जानेवारी १९६१ पर्यंत कारभार पाहिला.

उसात नांग्या पडल्या म्हणून आपण अख्खा प्लॉट मोडीत नाही, उरलेल्या फुटव्यांना खतपाणी देतो. हृदयाचेही तसेच. इजा झालेल्या भागावर साधारण सहा ते आठ आठवड्यांत व्रण धरतो, आणि राहिलेले स्नायू काम चालू ठेवतात. डॉक्टरांना विचारून रोज थोडे थोडे चालणे वाढवावे. शेतातले कोणते काम कधीपासून करायचे, हेही त्यांनाच विचारावे.

याच्या उलट काहीजण "आता बरं वाटतंय, गोळ्या कशाला?" म्हणतात. तेही धोक्याचे. बरे वाटते ते गोळ्या चालू आहेत म्हणूनच. डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी बंद करू नये.

मात्र छातीत दाब येऊन दरदरून घाम सुटला, कळ हातात वा जबड्यात गेली आणि बसूनही थांबेना, तर गॅस म्हणून सोडा पीत बसू नये. ताबडतोब १०८ ला फोन करावा.

घरच्या माणसांनी पुढच्या तपासणीला सोबत जावे आणि मनातली शंका डॉक्टरांपुढे तोंडाने बोलावी. सततची चिंता आणि उडालेली झोप हीसुद्धा त्यांना सांगण्याचीच गोष्ट आहे. त्यात कमीपणा कसला?