आगीचा बंब येण्यापूर्वी

एखादे गाव शहर झाले, हे कशावरून ओळखावे? कोणी लोकसंख्येचा आकडा सांगेल, कोणी उड्डाणपूल मोजून दाखवील. आणि पूल मोजण्याचा छंद तर आम्हां सुरतवासीयांना आहेच. माझी कसोटी थोडी निराळी आहे. घराला आग लागली असता माणसे केवळ शेजाऱ्याला हाक न मारता एका ठरलेल्या क्रमांकावर हाक मारतात, आणि ती हाक ऐकणे हे कोणाचे तरी अहोरात्र कर्तव्य असते, त्या दिवशी गाव शहर होते.

संपादक मंडळाने स्मरणिकेसाठी लेख मागितला तेव्हा बालकांच्या आहारावर लिहावे, असा माझा बेत होता. परंतु गेली काही वर्षे एका विषयाने माझा पाठलाग सोडलेला नाही. तो विषय अग्निशमनाचा आहे. बालरोगतज्ज्ञाने या प्रांतात लुडबूड का करावी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर लेखाच्या ओघात मिळेल, अशी आशा आहे.

सुरतेच्या इतिहासातील सर्वांत भयंकर आग २४ एप्रिल १८३७ रोजी लागली. सायंकाळी पाचच्या सुमारास माछलीपीठ भागातील एका पारशी गृहस्थाच्या घरी उकळत्या डांबराचे भांडे कलंडले. घरे लाकडी चौकटींची, गल्ल्या अरुंद, दिवस वैशाखवणव्याचे आणि वारा जोराचा. आग २६ तारखेच्या सकाळपर्यंत धुमसत राहिली. पाचशेहून अधिक माणसे दगावली आणि नऊ हजारांहून अधिक घरे भस्मसात झाली. त्याच वर्षी पावसाळ्यात तापीला महापूर आला. आधीच उतरणीला लागलेल्या या बंदराचे कंबरडे मोडले, आणि मुंबईची वाट धरणाऱ्या व्यापाऱ्यांना आणखी एक कारण मिळाले.

ती आग विझवणे हे काम कोणाचे होते? खरे सांगायचे तर कोणाचेच नव्हते. सुरतेची नगरपालिका स्थापन झाली १८५२ मध्ये, म्हणजे त्या आगीनंतर पंधरा वर्षांनी. त्या काळी हे सर्वत्र असेच होते, असेही म्हणता येत नाही. स्कॉटलंडमधील एडिंबरो शहराने १८२४ मध्ये स्वतःचे अग्निशमन दल उभारले होते. त्याचा प्रमुख जेम्स ब्रेडवुड हा जेमतेम चोविशीतला तरुण. त्याने निवडलेली माणसे कोण होती, हे पाहण्यासारखे आहे : छपरे शाकारणारे, गवंडी, सुतार, नळकारागीर. ज्यांना घर कसे बांधले जाते ते ठाऊक आहे, त्यांनाच ते कसे जळते हेही कळते, हा त्यामागचा विचार. रस्त्यावर उभे राहून ज्वाळांवर पाणी मारण्यापेक्षा आत शिरून आगीचे मूळ गाठावे, असे तो शिकवी. लक्षणावर नव्हे, तर कारणावर उपचार करावा, हे आपल्याला वैद्यकीय महाविद्यालयात शिकवतात त्याहून हे वेगळे नाही.

आपल्या मुंबईलाही हे शहाणपण एकदम आले नाही. १८०३ मध्ये कोटातील वस्ती मोठ्या प्रमाणावर जळाली. १८५५ पासून आग विझवण्याचे काम पोलिसांनी इतर कामे सांभाळून करावे, अशी व्यवस्था झाली आणि १८८७ मध्ये ती जबाबदारी महापालिकेकडे आली. पुढे १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजाचा स्फोट झाला, तेव्हा याच दलाचे ६६ जवान धारातीर्थी पडले. त्यांच्या स्मरणार्थ देशभर १४ एप्रिलपासून अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो.

या सर्व कथांत एक समान धागा आहे. आधी माणसे मरतात, मग व्यवस्था जन्माला येते. सुरतेने हे १९९४ मध्येही अनुभवले. प्लेगच्या त्या सप्टेंबरात मी एम.डी.चे शिक्षण घेत होते. माणसे गाठोडी बांधून स्थानकाकडे धावत होती, ते दृश्य अजून डोळ्यांसमोर आहे. शहर झाडून स्वच्छ झाले ते त्यानंतर, १९९५ मध्ये एस. आर. राव महापालिका आयुक्त म्हणून आल्यावर. उपचार उत्तम झाला, पण आधी रोग व्हावा लागला. आम्ही बालरोगतज्ज्ञ आयुष्यभर याच्या नेमके उलट करीत असतो. निरोगी बाळाला सुई टोचतो, आणि जो आजार कधी होणारच नाही त्याबद्दल कोणी आमचे आभार मानीत नाही. अग्निशमन दलाचे खरे कामही याच जातीचे आहे. लाल बंब हा उपचार झाला. लस त्याच्या कितीतरी आधी द्यायची असते.

आता आजच्या सुरतेकडे वळू. राज्यघटनेच्या ७४व्या दुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या परिशिष्टात अग्निशमन सेवा हा नगरसंस्थांचा विषय म्हणून नोंदलेला आहे. सुरत महापालिकेचे स्वतःचे सुसज्ज दल आहे. ऑगस्ट २००६ च्या महापुरात त्याच्या जवानांनी केलेले काम आपल्यातील अनेकांनी पाहिले आहे. तथापि वाढत्या शहरात असे दल एकदा स्थापन करून भागत नाही. २००१ च्या जनगणनेत सुरतेची लोकसंख्या सुमारे २४ लाख होती, २०११ मध्ये ती ४४ लाखांपलीकडे गेली. २००६ मध्ये शहराची हद्द सुमारे ११२ चौरस किलोमीटरवरून ३२६ चौरस किलोमीटर झाली, आणि २०२० मध्ये ती पुन्हा वाढली. काल ज्या शेतात ऊस होता तेथे आज बारा मजली इमारत उभी राहते. त्या इमारतीच्या दृष्टीने अग्निशमन दल आज नव्यानेच स्थापन व्हावयाचे असते : तिच्यापर्यंत पोहोचणारा रस्ता, तिच्या उंचीची शिडी, जवळचे केंद्र, भरलेली टाकी आणि नकाशावर सही करण्यापूर्वी ‘दुसरा जिना कोठे आहे?’ असे विचारणारा अधिकारी. यांपैकी एक गोष्ट उणी असली, तरी त्या इमारतीपुरते शहर १८३७ मध्येच आहे.

हे मी अलंकारिक अर्थाने म्हणत नाही. २४ मे २०१९ रोजी सरथाणा येथील तक्षशिला आर्केडच्या वरच्या मजल्यावरील शिकवणी वर्गात अडकलेली मुले आपण सर्वांनी दूरदर्शनवर पाहिली. बाहेर पडण्याचा जिना आगीने गिळला होता, दुसरा मार्ग नव्हता. मुलांनी खिडक्यांतून उड्या घेतल्या. २२ जीव गेले. उंच शिडी वेळेवर उभी राहिली नाही, अशी टीका झाली आणि ती रास्तही होती. परंतु मला सलते ते निराळेच. अग्निप्रतिबंध आणि जीवसुरक्षेचा गुजरातचा कायदा २०१३ चा आहे. म्हणजे त्या दिवशी शहरात कायदा होता, दल होते, बंबही होते. त्या माळ्यावर वर्ग भरवता येणार नाही, असे वेळेत ठामपणे सांगणारा मात्र कोणी नव्हता.

आगीत मुले अधिक का दगावतात, हे आपल्या व्यवसायबंधूंना सांगावयास नको. पण इतर वाचकांसाठी सांगते. बहुतेक बळी ज्वाळांचे नसतात, धुराचे असतात. धुरातील कार्बन मोनॉक्साइड हा वायू रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट धरतो. प्रौढ माणूस मिनिटाला पंधरा-सोळा वेळा श्वास घेतो, तान्हे बाळ चाळीस वेळा. त्याच खोलीत, त्याच धुरात बाळ कितीतरी वेगाने विष ओढून घेते. आणि त्याला दरवाजाकडे धावता येत नाही.

म्हणूनच ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयातील नवजात अतिदक्षता कक्षाला आग लागल्याची बातमी ऐकली, तेव्हा माझे हातपाय गार पडले. कक्षात १७ बाळे होती. सात वाचली, दहा गेली. नवजात कक्ष हे आगीचे माहेरघरच असते, हे तोवर माझ्या कधी ध्यानात आले नव्हते. वातानुकूलन यंत्र अखंड चालू, वॉर्मर, फोटोथेरपीचे दिवे, पंप, एकाच फलकावर डझनभर जोडण्या. हवेत प्राणवायू २१ टक्के असतो. गळक्या नळीमुळे त्यात दोन-चार टक्क्यांची भर पडली, तरी ठिणगीची ज्वाळा होण्यास वेळ लागत नाही.

त्या आठवड्यात मी अग्निशमन दलाच्या एका अनुभवी अधिकाऱ्यांना आमच्या छोट्या बालरुग्णालयात बोलावले. आमच्याकडे ना-हरकत दाखला होता, भिंतीवर लाल नळकांडी होती. मला वाटले, ते चहा घेऊन कौतुक करून जातील. त्यांनी नळकांड्यांकडे पाहिलेही नाही. मला काही विचारण्याऐवजी ते रात्रपाळीच्या सिस्टरकडे वळले आणि शांतपणे म्हणाले, “बहेन, हा दरवाजा धुराने भरला, तर तुम्ही बाळांना कोणत्या दरवाजाने न्याल?”

सिस्टरने मागच्या जिन्याकडे बोट दाखवले. आम्ही तेथे गेलो. दाराला कुलूप होते, चोरीच्या भीतीने मीच लावायला सांगितलेले. किल्ली माझ्या कपाटात. दारापलीकडे सलाइनचे रिकामे खोके, दोन मोडके पाळणे आणि गणेशोत्सवाची मखर. प्राणवायूची मुख्य चावी कोठे बंद होते, हे सिस्टरला माहीत नव्हते. खरे तर मलाही नीट माहीत नव्हते. ते अधिकारी रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, “मॅडम, आम्हाला यायला कमीत कमी पाच-सात मिनिटे लागतील. तोपर्यंत या इमारतीचे अग्निशमन दल म्हणजे या सिस्टरच.”

वीस वर्षे मी मातांना लसीकरणाचे वेळापत्रक घोकून घेत होते, आणि माझ्या स्वतःच्या घरात एकही डोस दिलेला नव्हता.

त्याच दिवशी कुलूप निघाले आणि आतून ढकलताच उघडणारी कडी बसली. जिना मोकळा झाला. वीजतंत्रज्ञाने सर्व भार तपासून जोडण्या विभागल्या. मग आम्ही तालीम केली, तीही रात्री दोन वाजता, कारण आग वेळ विचारून येत नाही. बाळांच्या जागी उशा ठेवल्या. पहिल्या खेपेस नुसता गोंधळ झाला. दोन उशा आतच राहिल्या. कोणी काही बोलले नाही. त्या दोन उशांकडे पाहत आम्ही सगळे उभे राहिलो. आता दर तीन महिन्यांनी तालीम होते. कोणी कोणते बाळ उचलायचे, हे प्रत्येक पाळीच्या सुरुवातीस ठरते, आणि गेल्या कित्येक तालमींत एकही उशी मागे राहिलेली नाही.

त्यानंतरही बातम्या थांबल्या नाहीत. मे २०२१ मध्ये शेजारच्या भरूचला कोविड रुग्णालय जळाले, मे २०२४ मध्ये राजकोटचे गेमझोन, नोव्हेंबर २०२४ मध्ये झाशीचा नवजात कक्ष. फेब्रुवारी २०२५ मध्ये आपल्याच रिंग रोडवरील शिवशक्ती टेक्स्टाईल मार्केटमधील शेकडो दुकाने खाक झाली. कृत्रिम धाग्याच्या कापडाचे गठ्ठे आतून धुमसत राहतात, त्यांच्या गाभ्यापर्यंत पाणी पोहोचत नाही. जवानांनी किती शर्थ करावी यालाही मर्यादा आहेत.

महापालिकेने नव्या वस्तीत केंद्रे उभारावीत, उंच शिड्या घ्याव्यात, रिक्त जागा भराव्यात, ही मागणी आपल्या संस्थेने अवश्य करावी. पण तिला वजन यायचे असेल, तर प्रारंभ आपल्या दवाखान्यांपासून व्हायला हवा. आपल्यापैकी अनेकांची रुग्णालये व्यापारी संकुलांच्या दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यांवर आहेत, खाली साड्यांची गोदामे आहेत. दाखल्याची मुदत संपली की आपण दलालाला फोन करतो. त्याऐवजी अधिकाऱ्याला बोलवावे, त्याला आपला जिना दाखवावा, आणि त्याने ‘नाही’ म्हटले तर ते निदान म्हणून स्वीकारावे. रुग्णाने आपले निदान ऐकावे, अशी आपली अपेक्षा असतेच ना?

हा अंक हाती पडेल त्या संध्याकाळी एवढे एकच करावे, ही माझी नम्र विनंती. आपल्या रुग्णालयाच्या मागच्या दाराशी जावे आणि ते ढकलून पाहावे.